ठाण्याच्या पायरीवरच्या बाया

पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी आली की पुरुष पळतात. ज्यानं काही केलंय तो पळतो आणि ज्यानं काहीच केलेलं नाही तोही पळतो, कारण एकदा गाडीत बसल्यावर दोघांचं पुढे सारखंच होतं, असा दोघांचाही अनुभव असतो. मागे राहतात बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. पालाची झडती बाईसमोर होते. ‘नवरा कुठंय?’ हे तिलाच विचारलं जातं आणि उत्तर मिळालं नाही तर कित्येकदा तिलाच नेऊन बसवलं जातं. बायको ठाण्यात आहे म्हटल्यावर नवरा येईलच, या हिशेबानं. तो सापडला तर दुसऱ्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून ठाण्याच्या पायरीवर येऊन बसणारीही तीच. वकील गाठणं, जामीनदार शोधणं, तारखेला कोर्टात उभं राहणं हे सगळं तिच्याच वाट्याला येतं. पोलीस आणि पारधी यांच्यातल्या संबंधांवर बोलताना आपण बहुधा पुरुषांबद्दल बोलतो. प्रत्यक्षात पोलिसांशी सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत जास्त वेळ बोलणं होतं ते बायांचं.

हा लेख मुख्यतः ज्या जिल्ह्याबद्दल आहे तो, 2024 साली अधिकृतपणे अहिल्यानगर झालेला अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. इथे आदिवासी म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो अकोले तालुका. महादेव कोळी आणि ठाकरांची गावं, हरिश्चंद्रगड, रतनगड, आणि इंग्रजांविरुद्ध बंड करून 1848 मध्ये ठाणे शहरात फासावर गेलेले देवगावचे राघोजी भांगरे. त्या आदिवासींचे हाल काही कमी नाहीत, पण त्यांना गाव आहे आणि बंडाचा अभिमानानं सांगण्याजोगा इतिहास आहे. दक्षिणेकडे श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या माळरानावर राहणारा फासेपारधीही कायद्यानं अनुसूचित जमातीतलाच. महाराष्ट्रात पारध्यांची संख्या 2011 च्या जनगणनेत दोन लाखांच्या वर गेली होती. पण फासेपारध्याचं घर गायरानात नाहीतर ओढ्याच्या काठाला, आणि गाव त्याच्याबद्दल बोलतं ते चोरी झाल्यावर. फासे लावून तितर, लावे, ससे, हरणं धरायची आणि पिकांची राखण करायची हा त्याचा जुना धंदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यातली शिकार हा गुन्हा झाला. त्याच्या आजाला मात्र गुन्हेगार ठरवायला शिकारीचीही गरज पडली नव्हती.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला आणि 1924 मध्ये त्याला नवं रूप मिळालं. जमात एकदा जाहीर झाली की त्यातल्या माणसांची नावं नोंदवायची, अंगठ्यांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची, गाव सोडायचं तर परवाना मागायला लावायचा. कुणी काय केलं याला महत्त्व नव्हतं. कुणाच्या पोटी जन्म झाला एवढं पुरत असे. मुंबई इलाख्यात तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली सोलापूरची वसाहत आजही लोकांच्या आठवणीत आहे. या वसाहतींचं काम पाहणारे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट पुढे 1928 च्या त्या प्रसिद्ध समितीचे अध्यक्ष झाले, जिच्यात डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहायला तारेच्या कुंपणाचा अधिकारीच नेमावा, हा सरकारी योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

मुंबई राज्यानं हा कायदा 1949 मध्ये काढून टाकला, आणि 31 ऑगस्ट 1952 ला तो देशभर रद्द झाला. 1959 मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर आता जमातीऐवजी व्यक्ती गुन्हेगार ठरू लागली, पण ठाण्यातल्या जमादाराच्या डोक्यातली यादी कुठल्या कायद्यानं आलेली नव्हती, म्हणून कुठल्या कायद्यानं ती जाणार तरी कशी? तालुक्यात दरोडा पडला की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते, ही गोष्ट पोलिसांना आजही समजावून सांगावी लागत नाही. दरोडे पडतात हे खरं. काहींमध्ये पारधी आरोपी असतात आणि शाबीतही होतात हेही खरं. वस्तीला लागून मळ्यात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाची रात्रीची भीती खोटी ठरवून या विषयावर लिहिता येणार नाही. पण त्या भीतीची वसुली शंभर जणांकडून करायची की ज्यानं केलं त्याच्याकडून, हा प्रश्न 1871 पासून तसाच पडून आहे.

आणखी एक गंमत पाहा. अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर 1950 सालच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या सरकारनं या माणसांची हजेरी घेतली, बोटांचे ठसे घेतले, त्याच सरकारच्या कचेरीत नातवाला विचारतात की तुझा आजा कुठे राहत होता याला पुरावा काय.

सुमन काळे यांची गोष्ट याच जन्मजात संशयातून सुरू होते. त्या पारधी समाजातल्या, नगरच्या, आणि समाजासाठी काम करणाऱ्या. गुन्ह्याच्या वाटेला गेलेल्या माणसांना समजावून पोलिसांपुढे हजर करायचं, त्यांना त्या वाटेवरून परत फिरवायचं, या कामात त्या पोलिसांना मदत करत. म्हणजे आज ज्याला पोलीस-जनता संवाद वगैरे म्हणतात ते काम त्या कुणी न सांगता करत होत्या. मे 2007 मध्ये चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांनी त्यांनाच ताब्यात घेतलं. काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांचं म्हणणं, विष घेतलं. घरच्यांचं म्हणणं, मारहाण झाली. तपास सीआयडीकडे गेला, वर्षं गेली, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली. शेवटी कुटुंबीयांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं राज्य सरकारला भरपाई देण्याचा आदेश दिला तो जानेवारी 2021 मध्ये. मधे साडेतेरा वर्षं उलटली होती.

हा मृत्यू एकटा नाही. जून 1998 मध्ये शेजारच्या बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या ताब्यात मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर कोठडीत मेला होता. त्या प्रकरणांच्या आगेमागे महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर संघटना उभी केली. पण सुमन काळेंचं प्रकरण या दोघांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करतं, आणि त्याचं कारण त्यांच्या कामात आहे.  सुमन काळे पोलिसांच्या ओळखीच्या होत्या.

आपल्याकडे ओळखीवर फार भिस्त असते. ठाण्यात कुणी ओळखीचं आहे का, हा आपला पहिला प्रश्न. पारधी वस्तीवरही असंच चालतं: एखादी धीट, बोलकी बाई पुढे होते, साहेबांशी बोलते, ‘पोराला आणून देते पण मारायचं नाही’ असं वचन घेते. साहेबही वचन देतात आणि बरेचदा पाळतात. अशा बाईची वस्तीलाही गरज असते आणि ठाण्यालाही. मात्र त्या वचनाचा कागद नसतो. दोन-तीन वर्षांत साहेबांची बदली होते. नव्या साहेबांना जुन्याचं वचन ठाऊक नसतं. त्यांना एवढंच दिसतं की कोण कुठे लपलंय ते या बाईला कळतं, म्हणजे मालही कुठे आहे ते कळत असणार. वस्तीवर ज्याचा भाऊ आत गेला तो म्हणतो, ही पोलिसांची बाई. दोन्हीकडून उपयोगी असलेली बाई अशी दोन्हीकडून संशयित होते. आणि संकट तिच्यावर आलं की तिच्यासाठी पायरीवर येऊन बसणारी दुसरी तिच्यासारखी बाई वस्तीवर नसते.

पोलिसांना मदत करणं आणि पोलिसांना जाब विचारणं ही दोन कामं एकाच बाईला करावी लागतात, पण त्यांची ताकद येते वेगवेगळ्या ठिकाणांहून. मदत एकटीला जमते. जाब विचारायला मागे माणसं लागतात, हातात कागद लागतो.

मागे माणसं असणं म्हणजे काय, याचा धडा याच जिल्ह्यात, पोलिसांच्या नव्हे तर दवाखान्याच्या कामात गिरवला गेला. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी गावोगावच्या बायांना आरोग्याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे जगभरचे लोक ते काम पाहायला येत राहिले. त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट औषधांची नव्हती. बाई निवडायची ती गावानं, शिकवायची दवाखान्यानं, आणि ती जाऊन मिळायची आपल्यासारख्याच इतर गावच्या बायांच्या गटाला. दवाखान्याची नोकर म्हणून गावात आली असती तर तिचं कुणी ऐकलं नसतं. आणि अडचण आली तर बोलायला, पाठीशी उभं राहायला तिच्यासारख्या कितीतरी जणी होत्या. ठाणं आणि वस्ती यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या बाईला असा गट आजवर कुणी बांधून दिलेला नाही. जिथे तो दिसतो तिथे बायांनी स्वतः बांधलेला आहे, किंवा एखाद्या संघटनेनं.

घोड नदीच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पारधी कार्यकर्त्या सुनीता भोसले यांचं ‘विंचवाचं तेल’ हे आत्मकथन या संदर्भात वाचावं. पोलिसांच्या धाकात वाढलेली मुलगी ठाण्यात ताठ मानेनं जाऊन बोलणारी कार्यकर्ती कशी होते, हा प्रवास त्यात आहे. त्या मानवी हक्क अभियानाशी जोडल्या गेल्या. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांनी उभं केलेलं हे संघटन गायरान जमिनींसाठी आणि अत्याचारांच्या गुन्ह्यांची नोंद व्हावी म्हणून लढलं. गायरानाच्या लढ्यातली एक युक्ती इथे सांगायलाच हवी. सरकारी गायरान कसणाऱ्या भूमिहीनावर अतिक्रमणाची नोंद होते, दंडही होतो. गावनमुना 1-ई हे त्याचंच रजिस्टर. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पूर्वीची दलित-आदिवासींची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तेव्हा त्या दंडाच्या पावत्याच कब्जाचा पुरावा म्हणून पुढे आल्या. गुन्हेगार ठरवायला लिहिलेला कागद हक्क मागायला कामाला आला. ज्यांच्या पालात पूर्वी एकही कागद टिकत नव्हता, त्या बाया आज पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून असे कागद जपतात.

कागदाचं हेच सूत्र ठाण्यात लावून पाहू.

सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 1996 रोजी डी. के. बसू खटल्यात अटकेचे अकरा नियम घालून दिले. अटक करताना वेळ आणि तारीख असलेला मेमो बनवायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करायची, वकिलाला भेटू द्यायचं. पुढे यातलं बरंच तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, ही तरतूद 2006 मध्ये अमलात आली. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या जागी जाऊन विचारायचं. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यानं चौकशी करायची आणि 24 तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचं. वकिलाची फी परवडत नाही हेही कारण राहिलेलं नाही, कारण 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपायला सांगितलं.

आता यातली मेख. हे जवळजवळ सगळे हक्क अटक या एका शब्दाला बांधलेले आहेत. माणसाला ‘अटक’ दाखवलं तर मेमो, तर नातेवाइकाला निरोप, तर चोवीस तासांत कोर्ट. पण वस्तीवरून उचललेल्या माणसाला पहिले काही तास, कधी काही दिवस, कुणी अटक केलेलीच नसते. तो ‘चौकशीला बोलावलेला’ असतो. डायरीत त्याचं नाव नसतं. बाई पायरीवर बसलेली असते आणि आतून सांगतात, असा कुणी इथे नाही. हद्दीचा घोळ वेगळाच: जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पुणे, सोलापूर, धाराशिव आणि बीड असे चार जिल्हे टेकलेले. गाडी नगरची होती की बाहेरची, वर्दीवर कुठला बिल्ला होता, हे अंधारात कुणी पाहायचं? मारहाण झाली तर ती याच नोंद नसलेल्या तासांत होते, आणि म्हणूनच नंतर काहीही सिद्ध होत नाही.

पारधी बायांच्या चळवळीनं जे शहाणपण कमावलं आहे ते या तासांबद्दलचं आहे. गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा, पोराकडून पाटीवर नाहीतर हातावर लिहून घ्यायचा. लगेच तालुक्याला फोन करायचा. एकटीनं ठाण्यात जायचं नाही, चार-पाच जणींनी जायचं. तोंडी विनवणी करायची नाही, अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, पावती पेटीत. पोस्टाच्या पावतीवरची तारीख आणि वेळ पुढे कोर्टात सांगतात की या माणसाला अटक दाखवली त्याच्या दोन दिवस आधीच त्याच्या बायकोनं तो ठाण्यात असल्याचं कळवलं होतं. ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही तिला कागदाचं हे बळ नेमकं कळलेलं असतं. शिकलेल्या मध्यमवर्गाला ते कळायची वेळ येत नाही, कारण त्याच्याकडे ओळखी असतात.

उलट्या दिशेनंही हेच लागू होतं. पारधी बाई फक्त आरोपीची बायको म्हणून ठाण्यात जात नाही, ती फिर्यादीही असते. वस्ती जाळली, मारहाण झाली, अब्रूवर हात टाकला, तर तिच्यासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. 2015 च्या दुरुस्तीनं लोकसेवकाची कर्तव्यं नेमकी लिहून ठेवली: तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन सहीपूर्वी वाचून दाखवणं आणि प्रत देणं हेही त्यात आलं. ते जाणूनबुजून टाळलं तर शिक्षा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते, तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. पण चोरीच्या यादीत ज्या नवऱ्याचं नाव आहे त्याच्या बायकोची फिर्याद घेताना ठाणे अंमलदाराचं पेन जड होतं. दखलपात्र गुन्हा अदखलपात्र म्हणून लिहून एनसीचा कागद हातात दिला जातो, आणि वाचता येत नसेल तर तो एफआयआरच वाटतो.

हे सगळं केवळ पारध्यांचं दुखणं असतं तर देशाचा कायदा यावरून बदलला नसता. पण तो एकदा बदलला आहे, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका आदिवासी मुलीमुळे. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात, घरगुती तक्रारीच्या जबाबासाठी आलेल्या मथुरा नावाच्या अनाथ, मजुरी करणाऱ्या मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिनं ओरडा केला नव्हता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर स्त्रियांची आंदोलनं उभी राहिली आणि 1983 च्या दुरुस्तीत कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला. संबंध आला हे शाबीत झालं आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर नव्हतीच असं न्यायालयानं धरून चालायचं, असंही त्यात आलं. ठाण्यात उभ्या असलेल्या मुलीला ओरडता का आलं नाही, हे दिल्लीला समजवायला अकरा वर्षं लागली. त्याच 1972-73 च्या सुमारास शहाद्याकडे श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बाया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या आणि मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारत होत्या. त्या संघटित होत्या आणि दिवसाउजेडी घोळक्यानं जात होत्या. मथुरेबरोबर असा घोळका नव्हता.

बाहेरच्या जगात डोकावलं तर ऑस्ट्रेलियातला एक साधा नियम मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. कोठडीत मेलेल्या 99 आदिवासींच्या प्रकरणांची तिथल्या शाही आयोगानं चौकशी केली आणि 1991 मध्ये 339 शिफारशी केल्या. बऱ्याच कागदावर राहिल्या. पण न्यू साउथ वेल्स राज्यात त्यातूनच असा नियम आला की आदिवासी व्यक्तीला ताब्यात घेतलं की पोलिसांनी आदिवासींच्या कायदा सेवेला फोन केलाच पाहिजे. चोवीस तास कुणीतरी तो फोन उचलतं आणि कोठडीतल्या माणसाशी बोलतं. कॅनडात बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीनं जून 2019 मध्ये 231 मागण्या मांडल्या. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या आईला पोलिसांनी ‘येईल परत’ म्हणून घालवून दिलं, हे दुखणं त्या चौकशीत पुन्हा पुन्हा समोर आलं. हे वाक्य ऐकायला श्रीगोंद्याच्या बाईला कॅनडात जावं लागणार नाही.

पोलिसांच्या बाजूनं काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बसायची जागा पोलिसांच्या इमारतीत, पण बसणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, वर्दीबाहेरची. पुढे राज्य सरकारनं हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. मुळात ते घरातल्या हिंसेसाठी आहेत. पोलिसांच्याच हिंसेबद्दल तक्रार घेऊन आलेल्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न त्या खुर्चीला अवघड जातो. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. हातभट्टीसाठी प्रसिद्ध असलेल्या मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी छापे चालू ठेवून अधिकाऱ्यांना एकेक वस्ती दत्तक दिली आणि बायांना शिवणकाम, रोजगार, योजना यांच्याशी जोडून दिलं. सातपुते मूळच्या नगर जिल्ह्यातल्या शेवगावच्या. तांड्यावरच्या बाईशी भट्टीखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलता येतं, हे यात पोलिसांनाही कळलं. मात्र अशा उपक्रमांची नाडी अधिकाऱ्याच्या हाती असते आणि बदलीचा आदेश मंत्रालयातून निघतो. सुमन काळेंच्या बाबतीत जे ओळखीचं झालं, तेच उपक्रमाचंही होऊ शकतं.

म्हणून नव्या कायद्यातल्या एका फारशा न गाजलेल्या कलमाकडे माझं लक्ष आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा आहे. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची माहिती ठेवायची आणि ती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, ही त्याची जबाबदारी. त्याच संहितेनं हद्द कुठलीही असली तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येईल अशी सोय केली. पुढे कधी कर्जत किंवा श्रीगोंद्याच्या ठाण्यात जाल तेव्हा हा फलक कुठे लावलाय ते बघा. दर्शनी भिंतीवर आहे की आतल्या खोलीत, कपाटामागे? शेवटची तारीख कुठली पडली आहे? ज्या दिवशी रात्री गाडी वस्तीवर गेली त्याच दिवसाची आहे की दोन दिवसांनंतरची? आणि अधिकाऱ्याचं नाव लिहायच्या जागी खरंच कुणाचं नाव लिहिलंय का? पायरीवर बसलेल्या बाईला वाचता येत नसलं तरी तिच्याबरोबर आलेल्या शाळकरी पोरीला येतं.